ओल्या रंगावरची हळद

आमच्या भिवंडीत ओलं तैलचित्र घरात ठेवायची सोय नाही. घराखाली दिराचे लूम आहेत. खटखटीची सवय होते, झोपही लागते. सवय होत नाही ती सुताच्या तुसाची. डोळ्यांना दिसतही नाही इतकं बारीक ते हवेत तरंगत असतं आणि ओला रंग दिसला की बरोबर त्यावर जाऊन बसतं. गेल्या वर्षी मी मुंबईच्या प्रदर्शनासाठी पावसाळी आभाळ रंगवलं होतं. वाळेपर्यंत त्या आभाळाला लव फुटली. निवड समितीतल्या एका गृहस्थांनी नाक लावून ते पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, हे टेक्श्चर मुद्दाम केलंय का?" मी हो म्हणून टाकलं. तरी चित्र परत आलं. त्याच्या आदल्या वर्षीचंही आलं होतं, तेव्हा तर सुताचाही दोष नव्हता.

म्हणून यंदाचं चित्र मी कमळमावशीच्या, म्हणजे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आईच्या, घरी ठेवत होते. काल्हेरच्या पुढे खाडीवर एक रेतीबंदर आहे. तिथे मावशीची चहाची टपरी आणि टपरीच्या मागे दोन खोल्यांचं घर. चिखलाचा वास येतो, डंपरचा धूर येतो, पण सूत येत नाही. रविवारी सकाळी मी रिक्षाने जायचे, मावशीच्या भिंतीवरून चित्र उतरवायचे, बंदराच्या कठड्याशी ईझल लावायचे आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत रंगवायचे. मग पुन्हा खिळ्याला अडकवून घरी. सोमवारपासून शाळा. मी चित्रकलेची शिक्षिका आहे, असं निदान हजेरीपटावर लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात पल्स पोलिओ, मतदारयाद्या, स्नेहसंमेलनाचे पडदे आणि साहेब येणार असले की दारात रांगोळी, यातून वेळ उरला तर चित्रकला. बेचाळिशी उलटली आणि स्वतःचं म्हणावं असं एक चित्र हातून झालेलं नाही, या विचाराचाच मला शीण यायला लागला होता.

लोक विचारायचे, या बंदरात रंगवण्यासारखं आहे काय? त्यांचंही चूक नाही. गंजलेला बार्ज, त्याच्यावर तळाची रेती उपसत घरघरणारा सक्शन पंप, एक वाकडी क्रेन, ओल्या रेतीचे ढीग, रांगेत उभे डंपर आणि पलीकडच्या काठाला गोडाऊनांची पत्र्याची छपरं. निळा रंग तिथे औषधालाही नाही. पाणी गाळ राहिलेल्या चहासारखं. मला मात्र ते आवडायचं. विटकरी बर्न्ट सिएनात निळा अल्ट्रामरीन मिसळत गेलं की जो थकलेला करडा रंग निघतो ना, तो मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो माझ्या ओळखीचा होता.

त्या सगळ्या लोखंडाच्या मध्ये अजून काही लाकडी होड्या टिकून होत्या. पंप आले तरी डुबीवाले संपले नव्हते. डुबी म्हणजे होडीतून खाडीच्या तळापर्यंत बांबू रोवायचा, त्याला धरून माणसाने बादली घेऊन खाली जायचं, तळाची रेती भरायची आणि वर यायचं. दिवसभर हेच. मावशीचा नवरा, केसरीनाथ, असाच एकदा खाली गेला तो वर आला नाही. त्यांचा मुलगा हितेश तेव्हा माझ्याच वर्गात होता. पुढे तोही शाळा सोडून होडीवर जायला लागला. मावशीने कोणाकोणाचे पाय धरून त्याला तिथून काढलं आणि पडघ्याकडे हायवेवरच्या एका गोडाऊनमध्ये लोडर म्हणून चिकटवलं. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असणं आणि लक्षात असणं यात किती अंतर असतं ते पुढे कळलं.

चित्र दोन महिने चाललं होतं. बार्ज जमला, क्रेन जमली, पाणी तर छानच जमलं. पुढे एक मोठी होडी घेतली होती, तीही ठीक होती. तरी चित्र मेलेलं होतं. मी रविवारमागून रविवार त्याच्यासमोर बसून वैतागायचे. मग एका रविवारी मावशी कोणाच्या तरी बारशाला गणेशपुरीला गेली होती आणि सुट्टी म्हणून हितेश बंदरावर मित्रांमध्ये बसला होता. मी त्याला म्हटलं, "अरे, पाच मिनिटं त्या होडीवर उभा राहतोस?" तो शर्ट काढून चढला, बांबू धरला, बादली हातात घेतली. पाठ माझ्याकडे आणि मान जराशी वळलेली, खाली जायच्या आधी माणूस एकदा काठाकडे बघतो तशी. मी म्हटलं, "हलू नकोस. असाच छान दिसतोस." पाच मिनिटांचा दीड तास झाला, पण तो हलला नाही आणि माझा हातही थांबला नाही. आयुष्यात मी इतकं बरं काही रंगवलं नव्हतं. चित्र भिंतीला अडकवून मी घरी गेले आणि त्या रात्री लूमच्या खटखटीतसुद्धा मला गाढ झोप लागली.

पुढच्या रविवारी फारसं काम उरलं नव्हतं. होडीच्या पोटाखालची सावली गडद करायची आणि कोपऱ्यात सही ठोकायची. मंगळवारी चित्र मुंबईत जमा करायचं होतं. या वेळी ते परत येणार नाही, हे मला आतून पक्कं वाटत होतं. मी मुख्याध्यापकांकडे मंगळवारची रजासुद्धा टाकून ठेवली होती, आणि आमच्या शाळेत रजा मिळणं म्हणजे काय ते ज्याला माहीत त्यालाच माहीत.

टपरीवर मावशी दिसली नाही. घराचं दार उघडं होतं. मी आत गेले आणि चित्राकडे पाहिलं.

होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या उंच टोकावर, हळदीची तीन बोटं ओढलेली होती. मधोमध कुंकवाचा ठसठशीत टिळा. वर टाकलेल्या अक्षता ओल्या रंगात रुतून बसल्या होत्या. खाली पाण्यावर नारळाच्या पाण्याचे शिंतोडे वाळून पांढुरके डाग पडले होते. खिळ्याला झेंडूची माळ, आणि तिची एक पाकळी चित्रातल्या डंपरच्या टपाला चिकटलेली.

"मावशी!" मी इतक्या जोरात ओरडले की मागे भांडी घासत असलेली मावशी तशीच ओल्या हातांनी आत आली.

"आलीस बाय? चाय ठेवतंय, थांब."

"चहा राहू दे. हे कोणी केलं?"

"मीच केलं. गुरवारी. चांगला दिवस व्हता."

"अहो, ओला रंग आहे तो! परवा मुंबईला न्यायचंय मला. ती काय देवाची तसबीर आहे पूजा करायला?"

"देवाची कशाला? होडी हाय ना," मावशी म्हणाली. माझ्या ओरडण्याचं तिला नवल वाटत होतं, तिच्या उत्तराचं मला.

"होडी तर दोन महिने तिथेच आहे. इतके दिवस नाही सुचलं?"

"तवा रिकामी व्हती. रिकामी व्हती तवा चितर व्हतं. आता माजा पोऱ्या चढलाय तिच्यावर. बिनपूजेच्या होडीत कोन आपल्या पोराला धाडतं?"

मी हसले. चांगलं हसणं नव्हतं ते. खाडीवरच्या लोकांची ही रीत मला ठाऊक होती. नवी होडी पाण्यात घालायच्या आधी नाळेला हळदकुंकू लागतं, नारळ वाढवला जातो, त्याशिवाय तिच्यावर कोणी पाय ठेवत नाही. पण ती लाकडाच्या होडीची रीत. माझी होडी जवसाच्या तेलात कालवलेल्या रंगाची होती.

"मावशी, ही खोटी होडी आहे हो."

"हितेश खोटा हाय का?" तिने चित्राकडे बोट केलं. "त्याची पाठ बघ. त्याच्या खांद्यावरचा डागसुदा काडलास तू."

 मावशी पदराला हात पुसत खाली बसली. "त्याच्या बापाच्या टायमाला नवीन होडी आलेली. मी पूजेचं ताट करून निघालेच व्हते घरातून. ठेकेदार बोलला, भरती लागंल, आज काम करून घेऊ, पूजा उद्या करा. ताट मी देवाजवळ ठेवलं, उद्यासाठी. उद्या काय पूजा झाली न्हाय."

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगते, राग त्याहून मोठा होता. मी दोन महिने उन्हात बसून काय मिळवलं होतं, तर ही हळद. मी पेटीतून पॅलेट नाईफ, रंग खरवडायची सुरी, काढला आणि चित्र उतरवून मांडीवर घेतलं. अक्षता एकेक करून उचकटल्या. प्रत्येक तांदळाखाली रंगाला खळगा पडला होता. मग हळद खरवडायला घेतली. ती वरच्यावर थोडीच होती, ती रंगात मुरली होती. सुरी ओढली तशी होडीच्या तपकिरीत एक आजारी पिवळट रेघ फाकत गेली. पुसून पुन्हा रंगवावी लागणार होती सगळी नाळ. एका दिवसात होईल का, झाली तर परवापर्यंत नेण्याजोगी राहील का, असा हिशेब मी डोक्यात करत होते.

मावशी बघत होती. रडली नाही की अडवलं नाही.

"पूस," ती म्हणाली. "तुजं चितर हाय, तुजा हक्क हाय. पन मंग त्याला उतरव."

"कोणाला?"

"हितेशला. होडीवरून उतरव त्याला. चार वर्सं घातली मी त्याला पान्यातून वर काडाला. तू एका रविवारात परत चढवलंस."

माझा हात थांबला. हितेशला पुसणं मुळीच कठीण नव्हतं. फडक्यावर टर्पेंटाइन घेऊन दोनदा फिरवलं असतं तर तो गेला असता. पण तो गेला की चित्रात उरणार काय? बार्ज, क्रेन आणि डंपर. म्हणजे एखाद्या सिमेंटवाल्याचं कॅलेंडर. परत येणाऱ्या चित्रांत आणखी एकाची भर.

"मावशी, असं करू," मी आवाज खाली आणला. "मी तिथे पिवळा रंग लावते. वर तांबडा टिळा काढते. हुबेहूब हळदकुंकू वाटेल, कोणाला कळणारही नाही."

"दिसंल तसं," ती म्हणाली. "पन हळद व्हनार न्हाय ती."

 बाहेर बार्जचा पंप घरघरत होता. तेवढ्यात हितेश आला. हातात कागदात बांधलेले वडे, अंगात गोडाऊनचा निळा टी-शर्ट. माझ्या हातातली सुरी पाहून तो दारातच थबकला.

"टीचर, काय झालं?"

"तुझ्या आईचं म्हणणं आहे की तुला चित्रातून काढून टाकावं."

मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. वडे खाली ठेवून माझ्यासमोर उकिडवा बसला आणि मांडीवरच्या चित्राकडे बघत राहिला.

"नका काढू, टीचर," तो म्हणाला. "ठेवा मला. गोडाऊनमध्ये कोन बघतो माझ्याकडे? सुपरवायजर माझं नावपन घेत न्हाय. 'ए लोडर, गाडी खाली कर.' दिवसभर खोके उचलायचे. त्यात काय हाय तेपन आम्हाला कळत न्हाय. आन् हितं बघा मी कसा उभा हाय. असा मी उभा राहतो ते मलाच म्हाईत नव्हतं."

मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण आधी बरं वाटलं. कोणी माझ्या चित्राबद्दल असं कधी बोललं नव्हतं.

"आई," तो चित्रावरची नजर न काढता म्हणाला, "तुला सांगनारच होतो. गोडाऊन सोडलं मी काल. मुकादमाशी बोललोय. उद्यापासून होडीवर जातोय."

 मावशीने फक्त माझ्याकडे पाहिलं.

"हितेश," मी घाईघाईने म्हणाले, "अरे, चित्रात छान दिसतं ते. पण खऱ्या पाण्यात उतरायचं म्हणजे... तुझ्या बाबांचं..."

"तुम्हीच बोललात ना टीचर," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, उलट कौतुकच होतं. "हलू नको, असाच छान दिसतोस."

 मी त्याला होडीवर जा म्हणाले नव्हते. मी त्याला फक्त उभं केलं होतं, आणि तो तिथून उतरायलाच तयार नव्हता. मी फडक्यावर टर्पेंटाइन ओतलं. खरंच ओतलं. म्हटलं पुसून टाकू, प्रदर्शन गेलं खड्ड्यात. फडकं घेऊन हात त्याच्या रंगवलेल्या पाठीपर्यंत गेला.

"आता पुसून काय उपेग?" मावशी म्हणाली. "तो खऱ्या होडीत चालला, तू चितरातून काडून काय करशील?"

ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. डबे वाजले. परत आली तेव्हा तिच्या हातात ताट होतं. हळद, कुंकू, मूठभर तांदूळ, एक नारळ. घाईत केलेलं ताट वाटत नव्हतं ते. तिच्या घरात असं ताट कायम तयारच असावं. तिने ते माझ्या पुढ्यात ठेवलं.

"लाव," ती म्हणाली.

"मावशी, तुम्ही लावा. तुमचा मान आहे."

"न्हाय. तू लाव. तूच चढवलंस त्याला."

मी हितेशकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती. मी हळदीत तीन बोटं बुडवली आणि मघाशी खरवडलेल्या जागेवर टेकवली. रंग अजून मऊ होता. बोटं आत गेली आणि खालच्या कॅनव्हासची वीण बोटांना लागली. इतकी वर्षं कोणी ओल्या चित्राजवळ बोट नेलं तरी मी खेकसत आलेय. वर्गातल्या पोरांच्या हातांवर पट्ट्या मारल्यात त्यासाठी. मी तीन बोटं खाली ओढली. मग कुंकू लावलं. अक्षता टाकल्या, त्या पुन्हा आपल्या खळग्यांच्या आसपास जाऊन चिकटल्या. मावशीने नारळ हितेशच्या हातात दिला. त्याने तो उंबऱ्यावर वाढवला आणि थोडं पाणी चित्रावर शिंपडलं. माझं इतकं जमलेलं पाणी, त्याच्यावर. 

"परवा नेऊ नको ह्याला," मावशी म्हणाली. "हा पान्यात हाय तवर हितंच राहू दे. पूजेची होडी अशी अर्ध्यातून..." तिने पुढचं वाक्य गिळलं.

"बरं," मी म्हणाले.

मी भांडायला हवं होतं. दोन महिने माझे, रंग माझे, उन्हात करपलेला चेहरा माझा. पण भांडायचं त्राण नव्हतं, आणि भांडण्यासारखं काही उरलंही नव्हतं. मी चित्र खिळ्याला अडकवलं, माळ सरळ केली आणि चहा न घेता निघाले. मंगळवारी रजा रद्द करून शाळेत गेले आणि सातवीच्या पोरांकडून तांब्या आणि दोन लिंबांचं चित्र काढून घेतलं.

त्याला आता वर्ष होत आलं. हितेश होडीवर जातो. अंगाने भरलाय, उन्हाने काळवंडलाय, आणि मी काठावर दिसले की मुद्दाम बांबू धरून तसाच उभा राहतो आणि मान वळवून हसतो. मला ते बघवत नाही. तो खाली गेला की मीही श्वास रोखून धरते, आणि तो वर आल्यावरच सोडते. हळद उजेडाला टिकत नाही, उडून जाते, हे आम्हाला आर्ट स्कूलमध्ये शिकवलं होतं. मावशीला ते कोणी शिकवलेलं नाही. ती रोज सकाळी नव्याने लावते. चित्रातली नाळ आता ओळखूसुद्धा येत नाही, हळदीचा थर साचून तिथे नुसता पिवळा गोळा झालाय.

मी अजून दर रविवारी जाते. रंगांची पेटी नेत नाही. रिक्षातून उतरले की आधी खाडीकडे बघते, होडीवर तो दिसला की मग भिंतीकडे.